सरळ रेघ

आमच्या घरात कोणतीही मोठी वस्तू यायची असली, की ती आधी दोन-तीन महिने नुसती बोलण्यात नांदते. शिवणयंत्र आले तेव्हा असेच झाले, फ्रीज आला तेव्हाही झाले. आणि २०२५ साली नवा दूरदर्शन-संच आणायचे ठरले, तेव्हा तर या चर्चेने आषाढ, श्रावण आणि भाद्रपद असे तीन महिने खाल्ले. त्या तीन महिन्यांचा हिशेब मला अजून पुरता लागलेला नाही. तो लागावा म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

सुरुवात सासूबाईंनी केली. आषाढातली संध्याकाळ होती. बाहेर पनवेलचा पाऊस, म्हणजे एकदा धरला की चार दिवस न सोडणारा. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, हा टीव्ही बिघडला वाटतं. बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंडच दिसत नाही. आणि ती खालून अक्षरांची पट्टी जाते ना, ती लाट आल्यासारखी वरखाली होते आहे."

मी लाटणे हातात घेऊन तशीच बाहेर आले. बाईचे तोंड मला दिसत होते. पट्टीही बऱ्यापैकी सरळ होती. पण आमचा संच जुन्या काचेच्या नळीचा, एकवीस इंची, माझ्या लग्नाच्या वर्षी म्हणजे २००४ साली घेतलेला. त्या संचांत कडेकडेला रेघ थोडी वाकतेच. ती मला त्या दिवशी जरा जास्त वाकलेली दिसली असावी. किंवा दिसली असे मी ठरवले असावे. संचाला एकवीस वर्षे झाली होती, आणि शेजारीपाजारी सगळ्यांकडे भिंतीला चिकटलेले पातळ संच आले होते. कारण हवेच होते, ते मिळाले.

तरी रीत म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले. त्याने मागचे झाकण काढले, एकवीस वर्षांची धूळ फुंकली, दोन-चार ठिकाणी पेचकस लावून पाहिला आणि निकाल दिला, "आजी, पिक्चर ट्यूब म्हातारी झाली. आता हिच्यावर पैसे घालू नका."

"माझ्यासारखीच की रे," असे म्हणून सासूबाई हसल्या. आम्हीही हसलो. त्या हसण्यात तपास संपला आणि खरेदी सुरू झाली.

सासूबाई लग्न होऊन पनवेलला आल्या त्या १९७२ साली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला. "मी आणि टीव्ही बरोबरच आलो," असे त्या सांगतात. फक्त टीव्ही आमच्या घरी यायला पुढे चौदा वर्षे लागली. तोवर लाईन आळीतल्या एका खाऊनपिऊन सुखी घरी जाऊन त्या शनिवार-रविवारचा सिनेमा पाहून येत. तेव्हा पनवेलच्या कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमचे सांगाडे उगवले होते, सगळे वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून. पावसाळ्यात वाऱ्याने सांगाडा फिरला की एक जण गच्चीवर, एक जिन्यात आणि एक संचासमोर अशी साखळी लागे आणि "आलं, आलं... गेलं!" असा घोष आळीभर चाले. १९८६ साली मामंजींनी लाकडी दारांचा कृष्णधवल संच हप्त्यांवर घेतला. पुढच्याच जानेवारीत रामायण सुरू झाले. दर रविवारी सकाळी आमच्या ओटीवर तीस-पस्तीस माणसे बसत आणि सासूबाई पडद्याला हळदकुंकू वाहून मगच बटण दाबत. मी तेव्हा पेणला, माहेरी, सहा वर्षांची होते आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी ओटीवर अशीच बसत होते.

हे सांगायचे कारण इतकेच, की आमच्या घरात या वस्तूशी सर्वांत जुने नाते सासूबाईंचे. मामंजी गेल्यानंतर तर दुपारची त्यांची सोबत तीच. तेव्हा नवा संच घ्यायचा तो त्यांच्यासाठीच, यात कुणाचे दुमत नव्हते. आणि तरीही पुढच्या तीन महिन्यांत त्यांना कुणी काही विचारले असेल, तर ते एवढेच : "आई, काळा चालेल ना?"

दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. जुन्या पनवेलातली दोन दुकाने पाहिली, मग नवीन पनवेलातले एक मोठे. त्या मोठ्या दुकानात एका भिंतीवर चाळीसएक संच ओळीने लावलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्र : हिरवा पोपट, लाल डाळिंब, निळा धबधबा. डाळिंबाचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा. विक्रेता मुलगा म्हणाला, "मॅडम, हे एचडी रेडी, हे फुल एचडी, हे फोर-के. तुम्ही कुठलं बघताय?" माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी बालवाडीतली, आणि फावल्या वेळेचा उद्योग कादंबऱ्या लिहिण्याचा, तिन्हींपैकी एकाचाही तिथे उपयोग नव्हता. मी हसून नुसती मान हलवली.

घरी आल्यावर बारावीतल्या चिरंजिवांनी माझी शिकवणी घेतली. त्याने फार शास्त्र सांगितले. मला समजले ते रांगोळीच्या भाषेत. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो, तसेच पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे. जुन्या संचात ठिपक्यांऐवजी आडव्या रेघा होत्या. आपल्याकडच्या पद्धतीत ६२५, त्यांतल्या चित्राच्या ५७६. हाय डेफिनिशन म्हणजे एचडी, म्हणजे ठिपक्यांच्या निदान ७२० ओळी आणि प्रत्येक ओळीत १,२८० ठिपके. सगळे मिळून ९,२१,६००. फुल एचडीत १,०८० ओळी आणि ओळीत १,९२० ठिपके, म्हणजे २०,७३,६००. फोर-केमध्ये याच्या चौपट, ८२,९४,४००. सासूबाई गौरीपुढे एकवीस बाय एकवीसची रांगोळी काढतात, तिचे ठिपके ४४१ भरतात. मला ते आकडे ऐकूनच पाठ धरल्यासारखे झाले.

"मग जास्त ठिपके ते चांगलं, एवढंच ना?" मी विचारले.

"नाही आई. तू किती लांबून बघणार त्यावर आहे." आणि त्याने सांगितले ते मला फार आवडले. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग एवढे अंतर वेगळे कळते. त्याहून जवळचे दोन ठिपके त्याला एकच दिसतात. त्रेचाळीस इंची फुल एचडी संचाचे ठिपके सुमारे साडेपाच फुटांपलीकडून पाहिले की एकमेकांत मिसळून जातात. आमची खोली दहा बाय बारा, खुर्ची आठ फुटांवर. म्हणजे तेवढ्या पडद्याचा फोर-के संच घेतला असता, तर वरचे बासष्ट लाख ठिपके आमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचलेच नसते. दुकानात माणूस पडद्यापासून दोन हातांवर उभा असतो, म्हणून तिथे फरक दिसतो. घरी दिसत नाही.

आणखीही गमती कळल्या. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. जुन्या पडद्याची रुंदी-उंची चारास तीन, नव्याची सोळास नऊ; म्हणून नवा बत्तीस इंची संच घेतला तर तो जुन्या एकवीस इंचीपेक्षा जेमतेम तीन इंचांनी उंच भरतो, वाढतो तो आडवाच. जुन्या मापाचे चित्र नव्या पडद्यावर ताणून बसवले की नायिका एकदम चार महिन्यांचे माहेरपण करून आल्यासारखी दिसते. संच एचडी घेतला तरी केबलचा डबा आणि वायर जुनीच ठेवली, तर चित्र जुनेच येते. उलट मोठ्या पडद्यावर ते अधिक फिसकटते. आपल्या दूरदर्शनने एचडीत प्रक्षेपण केले ते प्रथम २०१० साली, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. आम्हाला ही विद्या पंधरा वर्षे उशिरा मिळत होती. पण मिळत होती आणि आम्ही ती मन लावून शिकत होतो. जेवताना ठिपके, अंथरुणावर ठिपके. ह्यांनी तर भिंतीवर वर्तमानपत्राचे त्रेचाळीस इंची चौकोन कापून चिकटवले आणि आठ दिवस आम्ही त्या कागदाकडे पाहत जेवलो.

श्रावण संपता संपता जवळपास ठरत आले होते. तेवढ्यात पंतप्रधानांनी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात दिवाळीपर्यंत जीएसटी उतरेल असे सांगितले, आणि ३ सप्टेंबरला निर्णयच झाला : बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर, २२ सप्टेंबरपासून. त्या दिवशी घटस्थापना होती. ह्यांनी कागदावर हिशेब मांडला. करापूर्वी वीस हजारांचा संच पंचवीस हजार सहाशेला पडत होता, तो आता तेवीस हजार सहाशेला पडणार होता. दोन हजार रुपये सरळ वाचत होते. "इतके दिवस थांबलो, आणखी थोडं थांबू," ते म्हणाले. मीही म्हटले, "दसऱ्यालाच आणू. मुहूर्तही होईल." दोन हजारांत माझ्या घरचे काय काय होते, ते मला ठाऊक आहे. त्या वेळी कुणी मला त्यावरून बोलले असते, तर मी त्याला वेडे म्हटले असते.

आता मी ज्याच्याकडे वळते आहे, ते लिहिताना हात जड होतो.

त्या तीन महिन्यांत सासूबाईंची खुर्ची हळूहळू पुढे सरकत होती. आठ फुटांवरची सहा फुटांवर आली, सहाची चारावर. मी रोज केर काढताना ती मागे ओढत होते आणि म्हणत होते, "आई, इतक्या जवळ बसू नका. डोळे जातील." त्या बिचाऱ्या "हो" म्हणत. गौरी आल्या त्या दिवशी त्यांनी रांगोळी काढायला घेतली आणि चौथ्या ओळीतच हात झटकून उठल्या. म्हणाल्या, "कंबर धरली." मी वाकून पाहिले, तर ठिपक्यांची ओळ मधेच खाली घसरलेली. मी ती पुसून पुन्हा घातली. एकदा भातात खडा लागला. तांदूळ त्यांनी निवडले होते. ह्यांनी नुसते ताट बाजूला सारले, त्या काही बोलल्या नाहीत. आणि टीव्ही पाहताना त्या मान अशी तिरकी करत, जणू पडद्यावरच्या बाईशी बोलायचे नाही पण तिच्यावर लक्ष ठेवायचे आहे. नातू त्यांची नक्कल करी आणि त्याही हसत.

मी एकवीस मुलांच्या बालवाडीवर शिकवते. वर्गात एखादे पोर मान वाकडी करून फळ्याकडे बघू लागले, किंवा पाटी नाकाला लावून लिहू लागले, तर आठवड्याच्या आत मी त्याच्या आईला बोलावते आणि सांगते, "बाई, मुलाचे डोळे तपासून घ्या." इतक्या वर्षांत अशी सात-आठ मुले तरी मी पाठवली असतील. त्यांतली दोन-तीन चष्मा लावून परत आली, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. कादंबरी लिहायला बसले की माझ्या म्हाताऱ्या पात्रांच्या हाताची थरथरसुद्धा मला दिसते. आणि आठ फुटांवर बसलेली ही म्हातारी मला तीन महिने दिसली नाही. सबब माझ्याकडे एक होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू सहा वर्षांपूर्वीच काढून झाले होते. म्हातारपणी डोळ्यांचे जे काय व्हायचे ते होऊन गेले, आता तिकडे बघायला नको, अशी माझी समजूत. आणि दुसरे म्हणजे, सासूबाईंनी तक्रार स्वतःची केलीच नव्हती. त्यांनी ती टीव्हीची केली होती.

दसरा त्या वर्षी २ ऑक्टोबरला आला. आम्ही त्रेचाळीस इंची फुल एचडी संच आणला, एचडीचा डबाही बदलून घेतला. सासूबाईंनी संचाला झेंडूची माळ घातली, सोने ठेवले, आणि १९८७ सालासारखेच हळदकुंकू वाहायला हात पुढे केला. पडद्याला लावू नका म्हणून चिरंजीव ओरडले, तेव्हा त्यांनी ते खाली टेबलाला लावले. चित्र सुरू झाले. आम्ही तिघेही एकदम "वा!" म्हणालो. सासूबाई क्षणभर थांबून म्हणाल्या, "छान आहे हो. मोठा आहे." पुढचे सहा दिवस कुणी विचारले की त्यांचे उत्तर तेच. छान आहे. मोठा आहे.

८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन होते. हा विमानतळ आमच्याच तालुक्यातला. उलव्याची टेकडी त्यासाठी कापली, नदीचे पात्र वळवले, गावेच्या गावे उठली. सासूबाईंचे एक चुलत नातेवाईक त्यांतल्याच एका गावातून उठून गेले. तेव्हा तो सोहळा पाहायला त्या दुपारपासून बसून होत्या. वाहिनीवर वरून घेतलेले चित्र आले : ३,७०० मीटरची धावपट्टी, नजर जाईल तिथवर काळी आणि सरळ. शाळेतून आलेली मी उभ्यानेच पाहत होते. म्हटले, "बघा आई, फूटपट्टीने आखल्यासारखी आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. मग अगदी हळू, ऐकू आले नाही तरी चालेल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्यातही वाकडंच दिसतं गं."

"काय वाकडं दिसतं?"

"सगळंच. ती विमानाची वाट मधे कमरेत मोडल्यासारखी दिसते. आणि तू म्हणतेस तिथे, बरोबर मधे, डाग आहे. पहिल्या दिवसापासून आहे. तुम्ही एवढे पैसे घातलेत, मग म्हटलं कशाला बोला."

मी खाली बसले. मला त्या क्षणी काय सुचले असेल, तर माझ्या पिशवीतली चौकटींची वही. बालवाडीतल्या मुलांना अंक गिरवायला देतो तीच. मी एक कोरे पान त्यांच्यासमोर धरले, मधल्या एका घरात पेनाने ठिपका काढला आणि त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला. "ह्या ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?" त्या म्हणाल्या, "पाण्यात पडल्यासारख्या." मग उजवा झाकला. डाव्याने त्यांना तो ठिपकाच दिसत नव्हता. "केव्हापासून?" मी विचारले. त्यांना ते माहीत नव्हते. आजवर दुसरा डोळा त्याचे काम करत होता, त्यामुळे एक डोळा गेलेला त्यांनाही कळला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पनवेलमधल्याच एका नेत्र रुग्णालयात गेलो. मी वहीचे पान सोबत नेले होते. डॉक्टरांनी ते पाहिले आणि स्वतःच्या टेबलावरून तसाच एक छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला : दहा सेंटिमीटरच्या चौकोनात पाच-पाच मिलिमीटरची घरे, मधोमध एक ठिपका. मार्क आम्सलर नावाच्या एका स्विस नेत्रवैद्याच्या नावाने तो जगभर वापरतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध मुगाच्या दाण्याएवढा एक भाग असतो. त्याला मॅक्युला म्हणतात, मराठीत पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, ही सगळी बारीक कामे तेवढ्या जागेची. म्हातारपणी काहींच्या त्या जागेखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरू लागतात. पडद्याला तिथे फुगवटा येतो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. मोतीबिंदूचा या दुखण्याशी संबंध नाही. तो काढला म्हणून हे टळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. रेघ वाकडी दिसणे, हीच काय ती त्याची हाक. डोळ्यात इंजेक्शने देऊन तो पाझर रोखता येतो. पण गेलेली नजर पुरती परत येईल असे सहसा होत नाही. म्हणून लवकर येणे महत्त्वाचे.

"पहिल्यांदा रेघ वाकडी कधी दिसली?" डॉक्टरांनी विचारले.

सासूबाई माझ्याकडे पाहू लागल्या. म्हणजे त्यांनी मान तिरकी केली. मी सांगितले, "आषाढात."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. मग म्हणाले, "पंधरा दिवसांत आला असतात तर बरं झालं असतं." रागावून नव्हे, रोज कुणाला ना कुणाला सांगावे लागते, त्या सवयीच्या सुरात. उजव्या डोळ्यावर उपचार सुरू झाले. पहिले तीन महिने महिन्याला एक इंजेक्शन, पुढे गरजेप्रमाणे अंतर वाढवून. डाव्यासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते.

त्या रात्री सगळे निजल्यावर चिरंजीव माळ्यावर चढले. जुना संच भंगारवाल्याची वाट पाहत तिथे पडून होता. त्याने तो खाली आणला, जुना डबा जोडला आणि सुरू केला. आम्ही तिघे अंधारात त्याच्यासमोर उभे राहिलो. खालून अक्षरांची पट्टी जात होती. कडेला किंचित झुकलेली, बाकी सरळ. तिच्यात काही बिघाड नव्हता. आषाढातही नव्हता. ह्यांनी न बोलता बटण बंद केले.

दोन हजार रुपयांची गोष्ट त्यानंतर आमच्या घरात कुणी काढली नाही. डावा डोळा आमच्या खरेदीने गेला नाही, तो आधीच गेला होता, असे डॉक्टर म्हणाले. उजव्याचे जे गेले, त्यातले किती आषाढात गेले आणि किती करकपातीची वाट पाहताना, ते कुणालाच सांगता येणार नाही. मी मात्र सासूबाईंना एकदा विचारले, "आई, तुम्ही नीट सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं गं. टीव्ही बिघडलाय म्हणून सांगितलं होतं. मला तसंच वाटत होतं." यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. ज्याची नजर जाते त्याला आपली नजर गेली असे वाटत नाही; त्याला जग बिघडले असे वाटते. ते जग आपल्या जागी आहे की नाही, हे पाहून सांगायचे काम शेजारच्या माणसाचे.

आता आमच्याकडची व्यवस्था वेगळी आहे. सासूबाईंची खुर्ची पडद्यापासून अडीच फुटांवर असते आणि ती मी मागे ओढत नाही. जवळ बसल्याने डोळे बिघडत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बिघडलेले डोळेच माणसाला पुढे ओढून बसवतात. त्या खिडकीकडे तोंड करून बसतात आणि डोळ्याच्या कडेने पडदा पाहतात, कारण त्यांच्या पडद्याची कड अजून शाबूत आहे. ती कड बारीक काम करत नाही. वीस लाख ठिपके असोत की ऐंशी लाख, तिला सारखेच. पण चेहरा हातभर मोठा असला, उजेड-अंधार ठळक असला आणि आवाज स्वच्छ असला, तर बोलणारे कोण आहे ते त्यांना कळते. म्हणजे आम्ही केलेली निवड अगदीच वाया गेली नाही. बातम्या देणारी बाई आता त्यांना पुन्हा दिसते. तिच्याकडे न पाहिल्यावरच दिसते, एवढेच.

फ्रीजच्या दारावर मी चौकटींच्या वहीचे पान चिकटवले आहे. दर रविवारी चहाच्या आधी सासूबाई त्याच्यासमोर उभ्या राहतात. मग मी, मग हे. वाचायचा चष्मा लावायचा, हातभर अंतरावरून एक डोळा झाकून मधला ठिपका पाहायचा, मग दुसरा झाकायचा. अर्ध्या मिनिटाचे काम. हे पहिल्यांदा कुरकुरले, आता तेच आठवण करतात. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरी नवे संच येतात. ते घेताना खोलीची लांबी मोजावी, दुकानातल्या पोपटाला भुलू नये, डबा आणि वायर विसरू नये, हे मी अनुभवाने सांगेन. पण घरात साठीपुढचे कुणी "चित्र वाकडे दिसते" म्हणाले असेल, तर दुकानात जाण्याआधी त्याच्यापुढे ही वही धरावी. ती कोणत्याही कागदाच्या दुकानात मिळते.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी अंगणात रांगोळीचे डबे घेऊन बसले होते. सासूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी पाटावर टेकल्या. म्हणाल्या, "ठिपके मी घालते." त्यांनी चिमटीत रांगोळी घेतली, तोंड तुळशीकडे फिरवले आणि बोटांनी अंतर चाचपत एकेक ठिपका सोडायला सुरुवात केली. पन्नास वर्षांची सवय त्या बोटांत होती. पहिली ओळ सरळ आली. दुसरी मधेच थोडी घसरली, तिसरी आणखी. माझा हात पुसण्यासाठी पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. अकरा ओळी झाल्यावर त्यांनी विचारले, "बघ गं, कुठे चुकलंय का?"

"तिसऱ्या ओळीपासून डावीकडे उतरली आहे," मी खरे ते सांगितले.

"मग तू तशीच जोड," त्या म्हणाल्या.

मी रेघा जोडायला घेतल्या.